‘रिव्हील’ची भावकी

सिंदखेड राजात लखुजी जाधवरावांच्या समाधीच्या जतनाचं काम चालू होतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूरच्या पथकाला जमिनीत काही दगड वेगळे दिसले, म्हणून खणायला सुरुवात झाली. आधी मंदिराचा पाया लागला, मग सव्वादोन मीटरवर सभामंडप, आणि जून २०२४ मध्ये शेषशायी विष्णूची मूर्ती. साधारण १.७ मीटर लांब, १ मीटर उंच. शेषावर पहुडलेला विष्णू, पायाशी लक्ष्मी, शिल्पपट्टात समुद्रमंथनाचा देखावा. दगडही आपल्याकडचा काळा बेसाल्ट नव्हे. क्लोराइट शिस्ट नावाचा तो मऊ दगड दक्षिणेकडच्या शिल्पांत जास्त दिसतो.

हीच बातमी इंग्रजीत लिहा असं चिखलीच्या किंवा खामगावच्या अभ्यासिकेतल्या मुलांना सांगितलं, तर बहुतेकांच्या वाक्याची सुरुवात ‘इन द एक्स्कॅव्हेशन’ अशी होईल. कारण मराठी वाक्य आहे ‘खोदकामात मूर्ती सापडली’, आणि त्या ‘त’साठी ‘इन’ हाताशी असतो. हे चूक नाही, पण इंग्रजी वृत्तपत्रातला बातमीदार असं क्वचितच लिहितो. तो लिहितो, ‘द एक्स्कॅव्हेशन रिव्हील्ड अ टेम्पल बेस.’ म्हणजे खोदकाम हाच कर्ता. मराठीत खोदकामात, तपासात, अहवालातून, चाचणीतून काहीतरी ‘दिसून येतं’, ‘निष्पन्न होतं’, ‘आढळतं’. इंग्रजीत तपास, अहवाल आणि चाचणी स्वतःच ते उघड करतात. ‘चौकशीत गैरव्यवहार झाल्याचं निष्पन्न झालं’ हे वाक्य भाषांतराला आलं की ‘चौकशीत’चा ‘त’ काढायचा, चौकशीला कर्ता करायचं आणि पुढे ‘रिव्हील्ड’ ठेवायचं. एवढी एक सवय लागली तरी बातमीचं, अहवालाचं आणि प्रकल्पाच्या वहीचं इंग्रजी लगेच सुधारतं.

‘रिव्हील’च्या पोटात लॅटिनमधला पडदा आहे, लग्नातल्या ‘व्हेल’चं मूळही तेच. पडदा बाजूला झाला, एवढंच हे क्रियापद सांगतं. पण त्यातून दोन गोष्टी न बोलता गृहीत धरल्या जातात. एक, ती वस्तू किंवा बाब आधीपासून तिथं होतीच. दोन, ती खरी आहे. या दुसऱ्या गृहीतावरच मराठी लिहिणारे, आणि खरं तर इंग्रजी लिहिणारेसुद्धा, सर्रास घसरतात.

लोणारचं उदाहरण घ्यावं. जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, सरोवराचं पाणी गुलाबी झालं. फोटो देशभर फिरले. सुरुवातीला बोट दाखवलं गेलं ते ड्युनालिएला नावाच्या शेवाळाकडे. खाऱ्या पाण्यात हे शेवाळ रंग धरतं, त्यामुळे अंदाज अगदीच हवेतला नव्हता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेलं, पाण्याचे नमुने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे (नीरी) आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. तपासणीअंती कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे अतिक्षारयुक्त पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. आता समजा, पहिल्या आठवड्यात एखाद्यानं लिहिलं असतं की तज्ज्ञांनी शेवाळामुळे रंग बदलल्याचं ‘रिव्हील्ड’, तर ते वाक्य व्याकरणात पास आणि अर्थात नापास झालं असतं. जे खरं ठरलं नाही ते ‘रिव्हील’ होऊच शकत नाही. तिथं ‘सजेस्टेड’, ‘सस्पेक्टेड’ किंवा नुसतं ‘सेड’ हवं. आघारकरच्या निष्कर्षासाठी मात्र ‘रिव्हील्ड’ शोभतं.

शेगाव तालुक्यातल्या केसगळतीच्या बातम्यांत हा फरक आणखी महत्त्वाचा होता, कारण तिथं प्रश्न पाण्याच्या रंगाचा नव्हता, माणसांच्या जिवाला लागलेल्या घोराचा होता. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस पुंजक्यापुंजक्यांनी हातात येऊ लागले. काहींना काही दिवसांत टक्कल पडलं. आधी बुरशीजन्य संसर्गाची शक्यता बोलली गेली, मग पाण्यातल्या नायट्रेटची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक येऊन नमुने घेऊन गेलं. पुढे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्त, लघवी व केसांतलं सेलेनियम तपासलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर माहीत असलेल्या, पद्मश्री मिळालेल्या या डॉक्टरांचं म्हणणं वजनदार होतंच.

पण या दोन महिन्यांतल्या मथळ्यांत प्रत्येक टप्प्यावर काहीतरी ‘उघड’ होत होतं, ‘समोर’ येत होतं. बुरशी, नायट्रेट, सेलेनियम ही तीनही कारणं ‘रिव्हील’ झाली असं लिहिलं, तर गावातल्या वाचकानं कशावर विश्वास ठेवावा? इथं इंग्रजीची शिस्त कामाला येते. प्राथमिक अंदाज असेल तर ‘पॉइंटेड टू’. एका संशोधकाचं म्हणणं असेल तर ‘रिपोर्टेड’ किंवा ‘फाउंड’, आणि कोणाला आढळलं त्याचं नाव त्याच वाक्यात. निर्विवाद झालं असेल तरच ‘रिव्हील्ड’. आरोप असेल तर ‘अलेज्ड’, दावा असेल तर ‘क्लेम्ड’. आमदाराने सभेत विरोधकावर चिखलफेक केली तर ती ‘रिव्हिलेशन’ नसते. तसं लिहिणारा बातमीदार नकळत त्या आमदाराच्या बाजूने साक्ष देऊन मोकळा होतो.

व्याकरणाचं थोडक्यात. मराठीत आपण ‘तिनं मला गुपित सांगितलं’ म्हणतो, म्हणून ‘शी रिव्हील्ड मी द सिक्रेट’ असं लिहून जातो. चालत नाही. आधी गुपित, मग ‘टू मी’. ‘टेल’ला माणूस थेट चिकटतो, ‘रिव्हील’ला नाही. तसंच ‘त्याविषयी उघड केलं’ या वळणावर ‘रिव्हील्ड अबाउट’ किंवा ‘डिस्क्लोज्ड अबाउट’ लिहिलं जातं. तो ‘अबाउट’ काढून टाकावा. ‘रिव्हील’नंतर ‘दॅट’ येतो, ‘हाउ’ येतो, ‘व्हॉट’ येतो, सरळ नाम येतं. ‘रिव्हीलिंग’ हे विशेषण दोन अगदी वेगळ्या ठिकाणी भेटतं: बरंच काही सांगून जाणारी मुलाखत, आणि अंग उघडं टाकणारे कपडे. कार्यालयीन पत्रात वरिष्ठांच्या पोशाखाबद्दल लिहिताना हे लक्षात असलेलं बरं.

या क्रियापदाची भावकी मोठी आहे, आणि भावकीत असतं तसं इथंही नातं जवळचं पण स्वभाव वेगवेगळे. त्यातल्या ‘डिस्क्लोज’ची ओळख करून घ्यायला शब्दकोशापेक्षा बुलढाण्यातलं कुठलंही सोनोग्राफी सेंटर बरं. तिथं दर्शनी भागात इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत फलक लावावाच लागतो: गर्भलिंग तपासणी आणि गर्भाचं लिंग सांगणं कायद्यानं मना आहे. इंग्रजी मजकुरात ‘डिस्क्लोजर’ असतं. मूळ कायदा १९९४ चा. महाराष्ट्रानं तर त्याच्या सहा वर्षं आधी, १९८८ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता. आणि हा फलक आपल्या जिल्ह्यात नुसता शोभेचा नाही. २०११ च्या जनगणनेत बुलढाण्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली होत्या ८५५. त्याच्या दहा वर्षं आधी त्या ९०८ होत्या.

फलकावर ‘रिव्हील’ का नाही? कारण ‘डिस्क्लोज’मध्ये माहिती कोणाच्या तरी ताब्यात असते. डॉक्टरला पडद्यावर दिसलेलं असतं. ते तो दुसऱ्याला देतो की नाही, एवढाच प्रश्न असतो. ताबा आणि जबाबदारी या दोन गोष्टी जिथं आल्या तिथं ‘डिस्क्लोज’ आलं. म्हणूनच हे क्रियापद कायदा, बँक, विमा, न्यायालय आणि कंपन्यांच्या कागदपत्रांत ठाण मांडून आहे. गंमत म्हणजे कायद्याच्या कलम ५ मध्ये आणखी एक क्रियापद वापरलं आहे, ‘कम्युनिकेट’, आणि त्याला जोडून ‘शब्दांनी, खुणांनी किंवा इतर कोणत्याही प्रकारे’ अशी पुस्ती आहे. कायदा करणाऱ्यांना आपले लोक माहीत होते. तोंडानं ‘मुलगी’ न म्हणता पेढा-जिलेबीच्या भाषेत सांगणारे दवाखाने निघणारच, हे ओळखून खुणेलाही गुन्हा ठरवलं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

आता याच ठिकाणी ‘रिव्हील’ दुसऱ्या दारानं घरात येतं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भाच्याचा व्हिडिओ देऊळगाव राजाच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतो. अंगणात फुगे, केक, केक कापला की आतून गुलाबी किंवा निळा थर. याला तिकडे ‘जेंडर रिव्हील’ म्हणतात, आणि इथं ‘रिव्हील’ हे क्रियापद नसून नाम आहे. २००८ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालेली ही टूम आता मराठी कुटुंबांतही रुळली आहे. तिथं तो कौतुकाचा सोहळा. इथं तीच गोष्ट गुन्हा. चेन्नईतल्या एका यूट्यूबरनं दुबईत तपासणी करून घेऊन भारतात असा सोहळा केला आणि व्हिडिओ टाकला, तेव्हा मे २०२४ मध्ये तमिळनाडूच्या आरोग्य विभागानं त्याला नोटीस धाडली. तेव्हा परदेशातल्या सुनेला शुभेच्छा जरूर द्याव्यात, पण ‘आपणही इथं एक रिव्हील ठेवू’ असं कुणी म्हणालं तर वेळीच थांबवावं.

‘डिस्क्लोज’ दिसलं की वाचकानं सावध व्हावं, कारण बहुधा त्यामागे बंधन असतं: सांगायलाच हवं किंवा सांगताच कामा नये. आयुर्विम्याच्या अर्जात आधीचे आजार ‘डिस्क्लोज’ करा असं लिहिलेलं असतं, ते विनंतीवजा नाही. रक्तदाब, मधुमेह, झालेली शस्त्रक्रिया लपवली तर दाव्याच्या वेळी तीच ओळ समोर ठेवली जाते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं उलटल्यावर पॉलिसीवर शंका घेता येत नाही, पण त्या भरवशावर आजार लपवण्यापेक्षा एजंटाला ‘हेही लिहा’ म्हणणं शहाणपणाचं. एजंट घाईत असतो. सही आपली असते.

निवडणुकीचा उमेदवार शपथपत्रात जे देतो तेही डिस्क्लोजरच. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये दिलेल्या निकालामुळे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती उमेदवाराला द्यावी लागते. याच्या उलट टोकाला लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख. ती ‘डिस्क्लोज’ करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. गावाचं नाव, वडिलांचा व्यवसाय, शाळेचं नाव असं तुकड्यातुकड्यानं दिलं तरी ओळख पटतेच. तालुक्याच्या बातमीदारांनी आणि फेसबुकवर ‘न्याय द्या’ची पोस्ट टाकणाऱ्यांनी ही गोष्ट गाठीशी बांधावी. हेतू चांगला असणं हा इथं बचाव नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करणाऱ्यांची या क्रियापदाशी रोजची गाठ. २००५ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की कार्यालयानं बरीच माहिती कुणी मागायच्या आधी आपणहून जाहीर करावी. इंग्रजीत याला ‘प्रोॲक्टिव्ह डिस्क्लोजर’ म्हणतात. कलम ८ सांगतं की कोणती माहिती देण्यापासून सूट आहे. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांची मुदत, मग पहिलं अपील, हे बहुतेकांना पाठ असतं. अर्ज इंग्रजीत करायचाच असेल तर मात्र ‘प्लीज रिव्हील’ लिहू नये. त्यात कार्यालयानं काही दडवलंय असा टोमणा येतो आणि टेबलामागचा माणूस विनाकारण बिथरतो. ‘प्रोव्हाइड’ किंवा ‘फर्निश’ पुरे. अपिलात, माहिती दिली नाही असं म्हणताना, ‘नॉट डिस्क्लोज्ड’ वापरावं. तिथं ते अचूक बसतं, कारण आता प्रश्न कर्तव्याचा आहे.

याच अनुषंगानं, सरकारी मराठीत ‘डिस्क्लोजर’ला ‘प्रकटन’ हा शब्द रूढ आहे, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर वकिलांच्या ‘जाहीर प्रकटन’ अशा मथळ्याच्या जाहिरातीही असतात: अमुक गट नंबरच्या शेतीचा सौदा ठरला आहे, कुणाचा हक्क असेल तर इतक्या दिवसांत कळवावं. शब्द एकच म्हणून या जाहिरातीला इंग्रजीत ‘पब्लिक डिस्क्लोजर’ म्हणायला कुणी धजेल. ती ‘पब्लिक नोटीस’ आहे.

आणि ‘प्रकट’ म्हटलं की जिल्ह्यात कुणाच्याही डोळ्यांसमोर शेगाव उभं राहतं. २३ फेब्रुवारी १८७८, माघ वद्य सप्तमी. उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणारा तरुण अवलिया, म्हणजे गजानन महाराज, बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांच्या दृष्टीस पडला, ती ही तिथी. प्रकट दिन इंग्रजीत कसा सांगायचा, हा प्रश्न बंगळूर-पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरांना रजेच्या अर्जात दरवर्षी पडतो. ‘रिव्हील डे’ हा प्रकार करू नये. ‘रिव्हील’ला कर्म लागतं: कुणीतरी काहीतरी उघड करतं. महाराज स्वतः प्रकट झाले, तेव्हा क्रियापद हवं ‘अपिअर्ड’. ‘रिव्हील्ड हिमसेल्फ’ हा भक्तिपर इंग्रजीतला प्रयोग बरोबर आहे, पण साहेबाला पाठवायच्या ईमेलमध्ये जड होतो. ‘प्रकट दिन’ तसंच ठेवून पुढे एका ओळीत ‘गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले तो दिवस’ एवढा अर्थ दिला की झालं. ‘बर्थडे’ तर मुळीच नको; जन्मतिथी कुणाला ठाऊक नाही, म्हणून तर प्रकट दिन.

जमिनीतून वर आलेल्या वस्तूंसाठी ‘अनअर्थ’ आणि ‘अनकव्हर’ आहेत. मेहकरच्या शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती १८८८ मध्ये खोदकामात सापडली. तिथं ‘अनअर्थ्ड’ नेमकं. ‘अनकव्हर’ मातीलाही चालतं आणि कटालाही. ‘अनव्हेल’ मात्र समारंभाचं. पुतळ्यावरचं कापड ओढायचं, टाळ्या पडायच्या, नवी गाडी किंवा नवी योजना लोकांपुढे आणायची, तेव्हा ‘अनव्हेल’, म्हणजे आपलं अनावरण.

‘डिस्कव्हर’बद्दल मात्र थोडं थांबायला हवं. लोणारचं विवर १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं ‘डिस्कव्हर’ केलं, असं वाक्य अजूनही माहितीपत्रकांत सापडतं. विवराच्या आत आणि काठावर शतकानुशतकं जुनी देवळं उभी, गावात दैत्यसूदनाचं मंदिर, अकबराच्या काळातल्या आईन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख, आणि शोध लावला १८२३ मध्ये! अलेक्झांडरनं युरोपीय अभ्यासकांच्या नजरेला ते आणून दिलं, एवढंच खरं. ‘रेकॉर्डेड’ किंवा ‘ब्रॉट टू नोटीस’ लिहावं. ज्याला शोध म्हणता येईल तो १९७३ मधला. ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं खडकातल्या धक्क्याच्या खुणांवरून हे विवर ज्वालामुखीचं नाही, अशनीच्या आघाताचं आहे, हे पुराव्यानिशी मांडलं. तिथं ‘रिव्हील्ड’, ‘एस्टॅब्लिश्ड’, ‘डिस्कव्हर्ड’, काहीही चालेल.

भावकीतलं सगळ्यात भांडकुदळ क्रियापद ‘एक्स्पोज’. पितळ उघडं पाडणं, बिंग फोडणं, चव्हाट्यावर आणणं, हे सगळं त्याच्या खात्यात. ‘रिव्हील’मध्ये उघड झालेली गोष्ट चांगली असू शकते, वाईट असू शकते, ‘एक्स्पोज’मध्ये कुणाची तरी लाज जाते. पहिल्याच पावसात रस्त्याची खडी वर आली, तर पावसानं ठेकेदाराचं काम ‘एक्स्पोज’ केलं. पण एखाद्या शिक्षकानं विद्यार्थ्याचे गुण ओळखून पुढे आणले, तर त्यानं मुलाचे गुण ‘एक्स्पोज’ केले असं शाळेच्या स्मरणिकेत छापू नये. असं छापलेलं पाहायला मिळतं, हे दुर्दैव.

याच क्रियापदापुढे ‘टू’ आला की मात्र चित्र पालटतं. ‘एक्स्पोज्ड टू’ म्हणजे संपर्कात येणं, तोंड द्यावं लागणं. शेगावच्या प्रकरणात इंग्रजी बातम्यांत गावकरी ‘सेलेनियम एक्स्पोजर’ला सामोरे गेल्याचं वाचून, सेलेनियमचा पर्दाफाश झाला असा अर्थ लावला तर सगळंच उलटं होईल. अर्थ इतकाच की सेलेनियम अंगात गेलं. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर ‘अव्हॉइड एक्स्पोजर’ असतं तेही हेच: अंगाला, डोळ्यांना लागू देऊ नका. कपाशीवर फवारणी करणाऱ्याच्या घरात शिकलेलं पोर असेल तर डब्यावरच्या बारीक अक्षरांतल्या या दोन शब्दांचा अर्थ त्यानं बापाला सांगावाच. तिसरीकडे कृषी विभागाची ‘एक्स्पोजर व्हिजिट’ असते. ती अभ्याससहल, तिथं कुणाचं बिंग फुटत नाही, फार तर ठिबकचा एखादा चांगला प्लॉट पाहायला मिळतो. ‘आमच्याकडे इंग्रजीचं एक्स्पोजर नाही’ हे तर आता शुद्ध मराठी वाक्य झालं आहे.

‘लीक’ आणि ‘डायव्हल्ज’ ही दोन शेजारची. ३ मार्च २०२३ ला बारावीच्या गणिताचा पेपर सिंदखेड राजा तालुक्यात फुटला, त्याची पानं व्हॉट्सॲपवर फिरली, विषय विधिमंडळात गाजला आणि काही शिक्षकांना अटकही झाली. मराठीत पेपर ‘फुटतो’, इंग्रजीत ‘लीक’ होतो. तो ‘रिव्हील’ होत नाही, कारण अकरा वाजता तो सगळ्यांसमोर येणारच असतो. आगळीक वेळेची आणि विश्वासाची आहे. ज्यांनी तो फोडला त्यांचं कृत्य ‘लीक’, पोलिसांनी ती टोळी लोकांसमोर आणली ते ‘एक्स्पोज’, आणि त्यात कोण कोण होतं हे तपासानं दाखवलं ते ‘रिव्हील’. एकाच प्रकरणात तीन क्रियापदं, तिघांचे कर्ते वेगळे. ‘डायव्हल्ज’ हे त्यातल्या त्यात खासगी, कानात सांगितल्यासारखं गुपित बाहेर काढणं, आणि ते बहुधा नकारात येतं: बातमीदार आपलं सूत्र ‘डायव्हल्ज’ करत नाही. मंत्र्यांच्या गोपनीयतेच्या शपथेत राज्यघटनेनं ‘कम्युनिकेट ऑर रिव्हील’ अशी जोडी घातली आहे. नुसतं कळवायचंही नाही आणि उघडही करायचं नाही, अशी दोन्हीकडून नाकाबंदी.

शेवटी सापळा आपल्याच भाषेतला. ‘धक्कादायक खुलासा’ असा मथळा आता मराठी वाहिन्यांवर दिवसातून दहा वेळा येतो. हा हिंदीतून आलेला अर्थ. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. तहसीलदार तलाठ्याकडून ‘खुलासा मागवतात’ तेव्हा त्यांना गौप्यस्फोट नको असतो, नोंद उशिरा का झाली याचं कारण हवं असतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ‘तीन दिवसांत खुलासा सादर करावा’ असं पत्र आलं आणि उत्तर इंग्रजीत द्यायचं ठरलं, तर शीर्षक ‘एक्स्प्लनेशन’. ‘डिस्क्लोजर’ लिहिलं तर आणखी काही लपवलं होतं का, असं दुसरं पत्र यायचं. वाहिनीचा ‘खुलासा’ मात्र ‘रिव्हिलेशन’, तोही खरा असेल तर.

हात बसवायचा असेल त्यांनी सकाळचा पेपर घ्यावा आणि ‘उघड’, ‘उघडकीस’, ‘समोर आलं’, ‘निष्पन्न’, ‘जाहीर’ असे शब्द असलेली पाच-सात वाक्यं खुणावून ठेवावीत. मग प्रत्येकाला विचारावं: झाकलं कुणी होतं, काढलं कुणी, आणि ते सिद्ध झालंय का? ‘मलकापुरात घरफोडी उघडकीस आली’ हे ‘केम टू लाइट’. उजेडात येणं दोन्ही भाषांत सारखंच, कुणी काढलं ते सांगायची गरज नाही. ‘पोलिसांनी घरफोडी उघडकीस आणली’ म्हणजे गुन्ह्याचा छडा लावला, तेव्हा ‘सॉल्व्ह्ड’ किंवा ‘क्रॅक्ड’. ‘लेखापरीक्षणात अपहार उघड झाला’, इथं लेखापरीक्षण कर्ता आणि क्रियापद ‘रिव्हील्ड’. ‘डॉक्टरांनी रुग्णाचं नाव उघड करण्यास नकार दिला’, इथं ‘डिस्क्लोज’. ‘दहावीचा निकाल जाहीर झाला’ या वाक्यात मात्र भावकीतल्या कुणालाच बोलवायचं नाही, तिथं ‘डिक्लेअर्ड’.